डाग ठेवून धुवायचा शर्ट

ऑफिसात तिला सगळे डागबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही बिनदिक्कत ओ देई. जाहिरातींच्या धंद्यात चोवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये गेली. पांढऱ्या शर्टावर डाग पडतो, आईच्या कपाळाला आठी पडते, पावडर येते, डाग जातो, आई हसते. सगळं मिळून तीस सेकंद. हे तीस सेकंद तिने इतक्या तऱ्हांनी केले होते की झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी एकतिसावा सेकंद लागला नसता.

तिच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा असे. त्यात बारा छोट्या बाटल्या आणि दोन ब्रश. बाटल्यांवर तिच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या: चहा, चिखल, सॉस, शाई, गवत. आत मात्र खाण्याचे रंग आणि ग्लिसरीन. हे डाग साध्या पाण्यात एका बुडीत जात, त्यासाठीच तर ते बनवलेले. शिवाय हाताशी सहा सारखे शर्ट ठेवायचे, एक बिघडला की दुसरा.

घरीही तिचा हात तसाच चाले. टेबलावर चहाचा ओघळ दिसला की फडकं, चादरीला डाग पडला की चादर कचऱ्यात. कोणाचं बोलणं लांबलं की ती चुटकी वाजवून म्हणे, "कट!" नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणे, "हिच्यापुढे मला नदी उगमापासून मुखापर्यंत कधी नेता आली नाही. डोंगर उतरला की कट."

एकदा लग्नाच्या वाढदिवसाला तिने घरच्यांना एक भेट दिली. लग्नाच्या फोटोत सासऱ्यांनी उजवा हात छातीवर दाबून धरला होता. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर सगळे हसत उभे आणि हे एकटे जणू छातीत कळ आल्यासारखे. तिने ऑफिसातल्या फोटो सुधारणाऱ्याकडून तो हात खाली करून घेतला, शर्ट स्वच्छ पांढरा करून घेतला आणि फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. सासरे तोवर वारले होते. सासूबाई बराच वेळ फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हात कुठे गेला?"

तिने ते हसण्यावारी नेलं. पण तो हात तिच्या मनातून गेला नव्हता. सासऱ्यांना हे लग्न पसंत नव्हतं, चार महिने ते 'मी सही करणार नाही' म्हणत बसले होते, हे तिला ठाऊक होतं. पुढची पंधरा वर्षं ते तिच्याशी बेताचंच बोलले. आपण या माणसाच्या छातीत कळ आणली, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. सुधारलेला फोटो बघणं त्यामानाने सोपं.

सत्तेचाळीसाव्या वर्षी तिने नोकरी सोडली. निमित्त झालं कोपऱ्यावरच्या लाँड्रीचं.

लाँड्रीवाल्या मावशी साठी ओलांडलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की इस्त्रीच्या वाफेतूनही पलीकडच्या फुटपाथवर पोहोचावा. ती कोट टाकायला गेली होती. तिच्या पुढच्या गिऱ्हाइकाने शर्ट पुढे केला, म्हणाला, "कॉफी सांडली."

मावशींनी शर्ट उजेडात धरला. "सांडली नाही. कोणीतरी फेकली."

"नाही हो, माझ्याच हातून..."

"हातून सांडली की खाली ओघळते. हे शिंतोडे वर गेलेत, पार कॉलरपर्यंत. समोर उभी होती ना? आणि डावखुरी आहे."

तो माणूस कानापर्यंत लाल झाला, मग काउंटरला टेकून त्याने सगळं सांगून टाकलं. मावशी ऐकत होत्या आणि शर्टाला कापडी नंबर टाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डाग जाईल. शुक्रवारी मिळेल. तिलाच पाठवा न्यायला." 

डागबाई तिथे पाऊण तास उभी होती. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं, हे रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं. बारा वर्षं आपण डागांवर जगलो आणि एकाही डागाला 'कुठून आलास बाबा' म्हणून विचारलं नाही! त्या आठवड्यात तिने साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. म्हणाली, सिनेमा करायचाय, छोटासाच, पण माझा.

साहेब दिलदार माणूस. "तुझी खुर्ची वर्षभर रिकामी ठेवतो," म्हणाले. "भूत उतरलं की ये."

नवऱ्याने विचारलं, "किती सेकंदांचा सिनेमा?" लेक कॉलेजात होती, ती म्हणाली, "आई, आधी एखादा सिनेमा शेवटपर्यंत बघ तरी." सासूबाईंनी चेहरा गंभीर करून विचारलं, "म्हणजे आता तू दिवसभर घरी?"

सोबतीला तिने जाहिरातीतला जुना कॅमेरावाला गाठला. उंच, काटकुळा, पाय फाकवून उभा राहायची सवय, म्हणून सगळे त्याला तिपाई म्हणत. पाठीच्या दुखण्याने त्याने मोठी कामं सोडली होती. "बाई, माझ्याच्याने आता पळवत नाही," तो म्हणाला. "पळायचं नाहीच आहे," ती म्हणाली. बोलून तर गेली.

मावशींना राजी करण्यात, कागदपत्रांत आणि जुळवाजुळवीत दहा-साडेदहा महिने निघून गेले. अखेर एका सोमवारी लाँड्रीच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं राहिलं. मावशी कपडा उलगडायला घेत, कपडा अर्धाही उलगडत नाही तोच हिच्या तोंडून निघे, "कट!" मावशी बाटलीचं बूच काढत, "कट!" दुपारपर्यंत मावशींनी इस्त्री आपटली.

"हिला काय दातखीळ बसते का रे मधे मधे?" त्यांनी तिपाईला विचारलं.

"जुनं दुखणं आहे," तिपाई म्हणाला. "चार सेकंदांच्या पुढे यांना दम लागतो."

तीन दिवसांत त्यांनी बरंच काही टिपलं होतं आणि त्यातलं काहीच धड नव्हतं. चौथ्या दिवशी तर दुकानात नुसत्या चादरी आल्या. स्वच्छ, नुसत्या इस्त्रीच्या. अकरा वाजले, बारा वाजले, एकही डाग नाही. खिडकीतून ऊन मात्र टेबलावर असं पडलं होतं की तिचा जीव तुटायला लागला. हे ऊन तासाभरात सरकणार!

आणि मग हाताने सवयीचं तेच केलं. पत्र्याचा डबा पिशवीत होताच, का होता हे तिलाही सांगता आलं नसतं. नवऱ्याचा एक पांढरा शर्ट इस्त्रीला आणलेला होता. बाहेरच्या पायरीवर बसून तिने 'चहा'ची बाटली उघडली, ब्रशने छातीवर सुरेख डाग काढला, फुंकर घालून वाळवला आणि शर्ट गठ्ठ्यात सरकवला. तिपाईने पाहिलं, पण वर्षानुवर्षं हेच तर पाहत आला होता, त्यालाही त्यात काही वाटलं नाही.

कॅमेरा चालू झाला. मावशींनी शर्ट उचलला. उजेडात धरला. वास घेतला. पुन्हा घेतला. बोट ओलं करून डागावर टेकवलं आणि बोटाकडे पाहत राहिल्या.

"याला वास नाही," त्या हळू म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. "चहा म्हणावा तर दूध नाही, साखरेचा चिकटपणा नाही. आणि गोल किती! माणूस दचकतो, हात हलतो, तेव्हा चहा सांडतो. हा कोणी बसून काढलाय."

तिचे कान तापले होते.

"चाळीस वर्षं लोक मला थापा मारतायत. नवऱ्यानं केलं, पोरानं केलं, बसमध्ये लागलं. माझी त्याला ना नाही. डागानं मला कधी फसवलं नव्हतं. फसवा डाग तू आणलास, माझ्या दुकानात." त्यांनी शर्ट घडी करून तिच्या हातात दिला. "उचला तुमचं तिकाटणं."

"मावशी, चुकलं माझं. ऊन चाललं होतं म्हणून..."

"ऊन उद्या येतं. निघा."

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. मावशी गिऱ्हाइकासारखं वागवत: "पावती?" चौथ्या दिवशी मात्र त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिनेमा करायचाय ना तुला? मग तुझ्या घरचा एक खरा डाग आण. लोकांचे बघत बसतेस, स्वतःचा दाखव. तो घेऊन आलीस तर कॅमेरा आत येईल. नाही तर तुझी ती खुर्ची आहेच की."

खुर्चीची मुदत संपायला पाच आठवडे होते. साहेबांनी त्या आठवड्यात फोन करून विचारलंही होतं, नवीन पावडर येते आहे, यायचं का? 'सांगते' म्हणाली होती ती. नाही म्हणायला तोंड उघडलं नव्हतं, हे तिला जास्त टोचत होतं.

ती घरी आली आणि डाग शोधायला लागली. कपाटं उपसली, पलंगाखाली शिरली, उशांचे अभ्रे काढले. सगळं चकचकीत.

"आपल्या घरात डाग?" लेक दारात उभी राहून हसत होती. "आई, तू पाहुणे गेल्यावर सोफा पुसत नाहीस, पाहुणे बसलेले असतानाच पुसतेस."

"माझ्या जुन्या पँटला रंग लागला होता," नवरा आठवून म्हणाला. "पण ती तू लग्नानंतर आठवड्यात फेकलीस. मी आत होतो की नाही एवढं फक्त बघितलंस."

सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. सगळे मटार सोलून झाल्यावर साली गोळा केल्या, हात धुतले, आपल्या खोलीत गेल्या आणि पलंगाखालची चामड्याची बॅग ओढत बाहेर घेऊन आल्या. त्या बॅगेत जुनी बिलं असतात, असा सगळ्यांचा समज होता.

बिलांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शर्ट होता. पांढरा, म्हणजे एकेकाळी पांढरा. आता घड्या पिवळ्या पडलेल्या. खिशावर हाताच्या पंजाएवढा निळा-काळा शाईचा डाग.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

"ह्यांचा. तुमच्या लग्नातला."

ती डागाकडे पाहत राहिली. डाग खिशावर होता. डाव्या बाजूला, छातीवर.

"आई, म्हणजे तो हात..."

"डाग झाकायला! दुसरं कशाला? चार महिने सही करणार नाही म्हणून बसलेला माणूस त्या दिवशी माझ्याआधी बूट घालून दारात उभा. मला म्हणतात, चल, उशीर होईल. तिथे सही अशी झोकात केली, अशी केली, की पेनाला टोपण लावायचं राहिलं. उघडं पेन तसंच खिशात. बाहेर पायऱ्यांवर आलो आणि मी बघितलं. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी हात ठेवला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. जेवलेसुद्धा डाव्या हाताने."

"मला वाटत होतं, मी आले म्हणून त्यांना..."

"त्यांना तुझी भीती वाटायची गं. म्हणाले, मुलगी जाहिरातीतली आहे, पांढऱ्या कपड्यांच्या जाहिराती करते, पहिल्याच दिवशी सासरा असा गबाळा दिसला तर काय म्हणेल? मला शपथ घातली. पुढेही तुझ्याशी बोलायला बिचकायचे. आणि मग तू फोटोतला हातच काढून टाकलास. म्हटलं, हा शर्ट दिसला तर थेट कचऱ्यात."

ती खाली फरशीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम चालू झालं. नवऱ्याने तिच्या हातातून शर्ट हळूच काढून घेतला, "नाक पुसशील त्याला" म्हणत. पण त्याचेही डोळे भरले होते.

सोमवारी सकाळी सासू-सून लाँड्रीत हजर झाल्या. पत्र्याचा डबा तिने बाहेर पायरीवर ठेवला. तिपाई दारात अवघडून उभा होता, तिकाटणं खांद्यावर, आत यायचं की नाही या विचारात.

मावशींनी शर्ट उजेडात धरला. बोट ओलं करून कडेला टेकवलं, वास घेतला. "खरी शाई. जुनी. काढता येईल, वेळ लागेल."

"काढायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शर्ट धुवून द्या. पिवळेपणा घालवा. डाग ठेवा."

"बाई, ही लाँड्री आहे."

"मग मी काय भाजी घ्यायला आले?"

मग सासूबाईंनी गोष्ट सांगितली, टोपणापासून डाव्या हाताच्या जेवणापर्यंत. गोष्ट संपल्यावर मावशींनी चष्मा काढून पदराऐवजी हाताशी असलेल्या कोणाच्या तरी रुमालाने पुसला, रुमाल पुन्हा घडी करून जागेवर ठेवला आणि दाराकडे बघून ओरडल्या, "ए लंबू, लाव तुझं यंत्र! आमंत्रण पाठवू का?"

त्या शर्टाभोवती त्या तासभर नुसत्या फिरत होत्या. चाळीस वर्षांत असं काम कोणी सांगितलं नव्हतं. धुवायला घातला तर शाई पसरणार, नाही घातला तर पिवळेपणा जाणार नाही. अचानक त्यांनी काउंटरवर थाप मारली. "टेबलक्लॉथवर मेणबत्ती सांडली की मी काय करते? वर कागद ठेवून इस्त्री फिरवते, मेण कागदात येतं. आज उलटं करायचं. आधी मेण सांडायचं!"

त्यांनी पळीत मेण वितळवलं आणि ब्रशने डागावर बसवलं, पुढून, मग शर्ट उलटा करून मागून. डागाची एकेक बारीक वाट त्या मेणाने भरत होत्या. मग थंड पाणी, साबण, पुन्हा थंड पाणी, पिवळ्या घड्यांवर सासूबाईंनी पिळून दिलेलं लिंबू. शर्ट सावलीत वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी इस्त्री होती. मेण काढायचं होतं. मेणाबरोबर शाई सुटून आली तर संपलं. तिपाईने कॅमेरा सुरू केला. सासूबाई स्टुलावर, त्यांच्या मागे वाकलेली डागबाई, श्वास धरून.

मावशींनी डागावर कोरा कागद ठेवला आणि इस्त्री टेकवली. कागदावर मेणाचा ओला ठसा उमटला. त्यांनी कागद उचलला. मेणाच्या मधोमध फिकट निळी छटा होती.

मावशींचा हात थांबला. डागबाईचं तोंड आपोआप उघडलं. जाहिरातीत अशा वेळी काय करायचं ते चोवीस वर्षं पाठ होतं: कट, दुसरा शर्ट आणा. इथे दुसरा शर्ट नव्हता. 'क' निघणार तेवढ्यात सासूबाईंनी मागे वळूनही न पाहता आपला हात तिच्या तोंडावर दाबला. हाताला अजून कालच्या लिंबाचा वास येत होता. तो हात त्यांनी काढला नाही.

मावशींनी इस्त्रीची उष्णता कमी केली. वाट पाहिली. बाहेरची वाहनं ऐकू येत होती. मग नवा कागद. अलगद, टेकवली न टेकवली अशी इस्त्री. कागद उचलला: नुसतं मेण. पुन्हा कागद, पुन्हा मेण. एका गिऱ्हाइकाने दारातून डोकं घातलं, आतला रंग बघून तसंच बाहेर घेतलं. कागद, मेण, कागद, मेण. शेवटचा कागद कोरा निघाला. मावशींनी शर्ट दोन्ही खांद्यांना धरून उंच केला. पांढराशुभ्र शर्ट, आणि खिशावर तो डाग, कडेला जरासा फिका झालेला, पण अख्खा.

"घ्या तुमचे हे," मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी हात खाली घेतला. आता 'कट' म्हणायला हिला मोकळीक होती. ती म्हणाली नाही. सासूबाईंनी शर्ट मांडीवर घेतला, खिशात दोन बोटं घालून पाहिली, बाहेर काढून बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळली एकदाची." तोवर कॅमेरा चालूच होता. तिपाईने नंतर मोजलं. अकरा मिनिटं.

संकलनाच्या टेबलावर बसून तिने त्या अकरा मिनिटांवर दहा दिवस कात्री धरली आणि अकराव्या दिवशी खाली ठेवली. सिनेमा अठरा मिनिटांचा झाला. साहेबांना तिने स्वतः फोन केला, या वेळी तोंड उघडलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, खुर्चीवर लोक पार्सलं ठेवायला लागलेत."

वाचनालयाच्या सभागृहात रविवारी दुपारी पहिला खेळ झाला. साठ खुर्च्या, त्यातल्या चार मोडक्या. साहेब पहिल्या रांगेत होते. संपल्यावर डोळे टिपत म्हणाले, "शर्ट अजून एक छटा पांढरा करता आला असता." लेकीने आईला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "शेवटपर्यंत बघितलास!" मावशी पडद्यावर स्वतःला बघून जाम वैतागल्या होत्या: मागच्या भिंतीवरचा ओलीचा डाग दिसतो म्हणून. हॉलमधला सुधारलेला फोटो त्याआधीच खाली उतरला होता, आणि सासूबाईंनी बॅगेत जपलेला मूळ फोटो वर चढला होता. छातीवर हात घट्ट दाबून सासरे आता बैठकीत आल्यागेल्याकडे चोरट्यासारखे बघत.

सोमवारी सकाळी नऊलाच तिचा फोन वाजला. मावशींचा आवाज इतका मोठा होता की शेजारी चहा पिणाऱ्या नवऱ्यालाही ऐकू आला.

"तू काय करून ठेवलंस गं माझ्या धंद्याचं? दुकान उघडत नाही तोच तीन माणसं दारात! एकाच्या आईच्या अभ्र्यावर तेलाचा डाग, एकीच्या फ्रॉकवर जांभळाचा, आणि एक म्हातारे रुमाल घेऊन आलेत, त्यांना तर डाग कुठे आहे तेच आठवत नाही, पण ठेवायचाय! सगळ्यांना डाग ठेवून धुवून पाहिजे. मी आता मेणबत्त्यांचं दुकान काढू का?"

"मावशी, त्यांना थांबवून ठेवा," ती म्हणाली. एक पाय चपलेत गेलासुद्धा होता. "कोणाचं काही काढू नका. मी तिपाईला घेऊन येतेच."

"ये. आणि येताना मेण आण," मावशी म्हणाल्या.